रेडिएशनची भीती कुठे बाळगायची आणि कुठे नाही: तपासणी, उपचार आणि मूल होण्याची क्षमता

छातीचा एक्स-रे काढून आलेली नवविवाहित मुलगी धास्तावते. पुढे मूल होण्यावर याचा परिणाम तर होणार नाही ना? आणि ओटीपोटाला पाच आठवडे रेडिएशन घ्यायला निघालेला पस्तिशीतला माणूस हा प्रश्न विचारतच नाही, कारण गाठ जायला हवी यापलीकडे त्याला काही सुचत नसतं. खरं तर या दोघांनी आपापसात प्रश्नांची अदलाबदल करायला हवी. पहिलीला काळजीचं कारण नाही. दुसऱ्याच्या हातात मात्र उपचार सुरू होईपर्यंतचे मोजके दिवस आहेत, आणि ते निघून गेले की परत येत नाहीत.

दोन्हीकडे शब्द एकच, ‘रेडिएशन’, पण मात्रेत लाखो पटींचा फरक. तो फरक ओळखायचा कसा, कोणत्या टप्प्यावर काय विचारायचं आणि काय करून ठेवायचं, हे इथे क्रमानं मांडलं आहे. तुमच्या आजाराचे बारकावे तुमच्या डॉक्टरांनाच ठाऊक असणार. त्यांच्यासमोर बसण्याआधी वाचून जावं, एवढाच याचा उपयोग.

पायरी १: आपल्याला नेमकं काय होणार आहे ते ओळखा

चिठ्ठीवर तपासणीचं नाव असतं, पण तीत रेडिएशन आहे की नाही ते लिहिलेलं नसतं. सोनोग्राफीत ध्वनिलहरी असतात, एमआरआयमध्ये चुंबक आणि रेडिओलहरी. पेशींच्या डीएनएला इजा करू शकणारं रेडिएशन दोन्हींत नसतं. एमआरआयच्या बोगद्यात इतका ठणठणाट होतो की काहीतरी घातक चाललंय असंच वाटतं. एक्स-रे मात्र गुपचूप आरपार निघून जातो. तेव्हा आवाजावरून अंदाज बांधू नका.

साधा एक्स-रे, दातांचा एक्स-रे, मॅमोग्राफी, हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी, सीटी स्कॅन, अँजिओग्राफी आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहणारी एचएसजी, या सगळ्यांत एक्स-रे वापरतात. यंत्र बंद झालं की रेडिएशन संपलं. अंगात काही उरत नाही. बोन स्कॅन, थायरॉइड स्कॅन आणि पेट स्कॅनचं गणित वेगळं आहे. तिथे किरणोत्सारी औषध शिरेतून किंवा तोंडावाटे दिलं जातं आणि रेडिएशन थोडा वेळ तुमच्या शरीरातूनच बाहेर पडतं. बहुतेक स्कॅनमध्ये वापरलं जाणारं टेक्नेशियम दर ६ तासांनी निम्मं होतं, तर पेट स्कॅनमधलं फ्लोरिन ११० मिनिटांनी. म्हणून अशा तपासणीनंतर काही तास गरोदर बाई आणि तान्ह्या बाळापासून जरा अंतर ठेवायला सांगतात.

तिसरा प्रकार उपचारांचा. बोलीत ज्याला ‘शेक घेणं’ किंवा ‘लाइट घेणं’ म्हणतात ते बाहेरून दिलं जाणारं रेडिएशन, शरीराच्या आत स्रोत ठेवून दिली जाणारी ब्रॅकिथेरपी आणि थायरॉइडसाठीचं रेडिओआयोडीन. जननक्षमतेची खरी चर्चा या तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे. एक गैरसमज मात्र इथेच दूर करू. बाहेरून रेडिएशन घेतलेला माणूस किरणोत्सारी होत नाही. त्यानं घरी जाऊन लेकराला खुशाल जवळ घ्यावं.

पायरी २: दोन मापं समजून घ्या

तपासण्यांची मात्रा बहुधा मिलिसिव्हर्टमध्ये सांगतात, उपचारांची ग्रेमध्ये. ग्रे म्हणजे ऊतीनं किती ऊर्जा शोषली त्याचं माप. सिव्हर्टमध्ये कोणत्या अवयवाला किती धोका, हेही धरलेलं असतं. १ ग्रे म्हणजे १००० मिलिग्रे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

तुलनेसाठी हे ध्यानात असू द्या: जमिनीतून, हवेतल्या रेडॉन वायूतून, अवकाशातून आणि अन्नातून जगातल्या प्रत्येक माणसाला वर्षाला सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट रेडिएशन मिळतच असतं. त्याच्या शेजारी तपासण्यांचे आकडे ठेवून पाहा. यंत्र, देहयष्टी आणि तपासणीची पद्धत यांनुसार हे पुष्कळ बदलतात, पण अंदाज येतो.

- दाताचा एक्स-रे: ०.००५ मिलिसिव्हर्टच्या आसपास
- छातीचा एक्स-रे: ०.०२ ते ०.१
- मॅमोग्राफी: सुमारे ०.४
- कमरेच्या मणक्यांचा एक्स-रे: सुमारे १.५
- डोक्याचा सीटी: सुमारे २
- छातीचा सीटी: ६ ते ७
- पोट आणि ओटीपोटाचा सीटी: ८ ते १०
- पेट-सीटी: २० ते २५

म्हणजे छातीचा एक्स-रे हा नैसर्गिक रेडिएशनच्या फार तर दोन आठवड्यांचा हिशेब, तर पोटाचा सीटी तीन-चार वर्षांचा. ‘स्कॅन’ म्हटलं की सगळं सारखंच, असं समजणाऱ्यांनी या यादीच्या दोन टोकांवर एकदा नजर टाकावी.

पायरी ३: दोन तऱ्हांच्या धोक्यांची गल्लत करू नका

पहिल्या तऱ्हेच्या धोक्याला उंबरठा असतो. मात्रा त्या उंबरठ्याखाली राहिली तर काहीच होत नाही. ओलांडली तर इजा होते आणि मात्रेबरोबर ती वाढत जाते. त्वचा लाल होणं, केस गळणं, मोतीबिंदू आणि वंध्यत्व हे सगळे या गटातले. दुसरी तऱ्हा योगायोगाची. कॅन्सर त्यात येतो. इथे मात्रा वाढते तशी शक्यता वाढते, पण कोणाला होईल ते सांगता येत नाही. अगदी छोट्या मात्रेलाही थोडीशी शक्यता असते असं धरूनच सगळे सुरक्षा-नियम बेतलेले आहेत.

मूल होण्याच्या क्षमतेला उंबरठा आहे, आणि एक्स-रेबद्दलची बरीचशी भीती तेवढ्या माहितीवर निवळते. पुरुषात शुक्राणू तात्पुरते कमी होण्यासाठी वृषणांना एका वेळी साधारण १०० ते १५० मिलिग्रे मात्रा मिळावी लागते. स्त्रीला कायमचं वंध्यत्व यायला अंडाशयांना एका वेळी किमान अडीच ग्रे, आणि वय कमी असेल तर त्याहून बरीच जास्त मात्रा लागते. ओटीपोटाच्या सीटीत या अवयवांना साधारण १० ते २५ मिलिग्रे मिळतात. एचएसजीत अंडाशयांना काहीच मिलिग्रे मिळतात. छातीचा किंवा दाताचा एक्स-रे तर हिशेबातही धरण्याजोगा नाही. कोणत्याही नेहमीच्या तपासणीनं वंध्यत्व येत नाही, हे इतक्या ठामपणे म्हणता येतं ते या अंतरामुळे.

कॅन्सरचा हिशेब निराळा. रूढ अंदाजानुसार १० मिलिसिव्हर्टच्या एका सीटीमुळे आयुष्यभरात जीवघेण्या कॅन्सरची जादा शक्यता साधारण २००० मध्ये १ एवढी वाढते. जगात पाचांपैकी एकाला कधी ना कधी कॅन्सर होतोच, त्यात ही भर. गरज असताना सीटी टाळण्याइतकी ती मोठी नाही, आणि गरज नसताना ‘बघून घेऊ’ म्हणून तीनदा सीटी काढण्याइतकी छोटीही नाही. मुलांच्या बाबतीत जास्त जपायला हवं. त्यांच्या पेशी झपाट्यानं विभागत असतात आणि पुढे पुष्कळ आयुष्य असतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, युरोपातल्या नऊ देशांच्या अभ्यासात असं दिसलं की आजच्या मात्रेनं सीटी झालेल्या दर १०,००० मुलांमागे पुढच्या बारा वर्षांत एका-दोघांना त्यामुळे रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो.

उंबरठ्याचा धोका तपासणीच्या खोलीतही एका ठिकाणी गाठू शकतो. अँजिओप्लास्टी किंवा तसली लांबलेली प्रक्रिया झाली की एक्स-रेचा झोत पाठीच्या एकाच जागी बराच वेळ पडलेला असतो. त्वचेला २ ग्रेच्या वर मात्रा मिळाली तर तिथे लाली येते, कधी ती दोन-तीन आठवड्यांनी उमटते. तोवर रुग्ण घरी गेलेला असतो आणि पाठीवरचा चट्टा गादीमुळे किंवा नायट्यामुळे आला असं समजून मलम चोळत बसतो. प्रक्रिया तास-दोन तास चालली असेल तर महिनाभर घरच्या कोणाला तरी पाठ बघायला सांगा. चौकोनी, कडा रेखल्यासारखा डाग दिसला तर ज्यांनी प्रक्रिया केली त्यांनाच आधी दाखवा.

पायरी ४: तपासणीच्या टेबलावर चढण्याआधी

विचारायचे प्रश्न थोडे आहेत. या तपासणीच्या निकालावरून उपचार बदलणार आहेत का? हीच माहिती सोनोग्राफीनं किंवा एमआरआयनं मिळेल का? आधीचा सीटी चालेल का? शेवटचा प्रश्न सगळ्यांत उपयोगी. दवाखाना बदलला की जुन्या फिल्म बाजूला पडतात आणि तीच तपासणी पुन्हा होते. सीडी किंवा फाइल जवळ असेल तर एक सीटी सहज वाचतो. मूल असेल तर ‘मात्रा मुलाच्या वजनाप्रमाणे लावली आहे ना’ एवढं विचारायला लाजू नका.

आता शिशाच्या पट्टीबद्दल. एक्स-रे काढताना पूर्वी जननेंद्रियांवर शिशाचं आवरण ठेवत. आज ते न ठेवल्याचं पाहून अनेकजण तंत्रज्ञाशी हुज्जत घालतात. ही हलगर्जी नव्हे. १९५० च्या दशकापासून चालत आलेली ही प्रथा थांबवावी, असं अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं. आजच्या यंत्रांत मात्रा आपोआप ठरते. पट्टी नेमकी त्या मोजणीच्या आड आली तर यंत्र मात्रा वाढवतं. अंडाशय प्रत्येकीच्या शरीरात एकाच जागी नसतात, त्यामुळे पट्टी बऱ्याचदा भलतीकडेच असते. शिवाय ती हाड झाकते आणि फोटो पुन्हा काढावा लागतो. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगानं जननग्रंथींना (वृषण-अंडाशयांना) दिलेलं जोखमीचं वजन, म्हणजे सगळ्या शरीराची जोखीम १ धरली तर त्यातला त्यांचा वाटा, १९७७ मध्ये ०.२५ होतं. १९९० मध्ये ते ०.२० झालं आणि २००७ मध्ये ०.०८. माणसाच्या पुढच्या पिढीत रेडिएशनमुळे वाढलेले दोष प्रत्यक्षात आढळले नाहीत, हे त्यामागचं मोठं कारण. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या सुमारे ७७,००० मुलांच्या अभ्यासातही तसे दोष दिसलेले नाहीत. तरीही पट्टी मिळाल्यानं तुमचं मन शांत होणार असेल तर मागून बघा, पण नाही म्हटलं तर रुसू नका. रेडिएशन उपचारांतलं वृषण-कवच ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. ती पुढे येईल.

बाळाला अंगावर पाजत असाल तर साधा एक्स-रे, सीटी किंवा मॅमोग्राफी झाल्यावर दूध फेकून द्यायचं कारण नाही. किरणोत्सारी औषध दिलं जाणार असेल तर मात्र आधी सांगा. काही औषधांनंतर थोडे तास दूध थांबवावं लागतं. रेडिओआयोडीनच्या उपचारासाठी त्या बाळापुरतं अंगावरचं दूध पूर्ण बंद करावं लागतं, आणि तेही उपचाराच्या काही आठवडे आधी.

पायरी ५: दिवस गेले असतील, किंवा गेले असण्याची शंका असेल तर

पाळी चुकली असेल तर तसं स्पष्ट सांगा. समोर सासूबाई बसल्या असतील तर बाजूला बोलावून सांगा, पण सांगा. ओटीपोटाचा सीटी, एचएसजी, किरणोत्सारी औषधाची तपासणी आणि कोणताही रेडिएशन उपचार यांच्याआधी गर्भधारणेची चाचणी करून घेणं केव्हाही चांगलं. एचएसजी पाळी संपल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत करतात ती याचसाठी.

आणि कळायच्या आधीच तपासणी होऊन गेली असेल तर? घाबरून कुठलाही निर्णय घेण्याआधी गर्भाला किती मात्रा मिळाली ते मोजून घ्या. रुग्णालयातले वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ हे काम करतात. आईच्या छातीच्या एक्स-रेत किंवा डोक्याच्या सीटीत गर्भापर्यंत ०.०१ मिलिग्रेहूनही कमी मात्रा पोचते. पोट-ओटीपोटाच्या सीटीत साधारण १० ते २५, कधी ३५ मिलिग्रेपर्यंत. ५० मिलिग्रेच्या खाली व्यंगाचा किंवा गर्भपाताचा धोका वाढल्याचं दिसलेलं नाही. गर्भाला १०० मिलिग्रेपेक्षा कमी मात्रा मिळाली असेल तर केवळ तेवढ्यासाठी गर्भपात करू नये, असं आंतरराष्ट्रीय आयोगाचं म्हणणं आहे. म्हणजे एका सीटीपायी हवं असलेलं मूल काढून टाकण्याचं कारण नाही. हे इतकं ठासून सांगण्याचं कारण असं, की ‘रिस्क नको’ हा सल्ला नात्यातलं कोणीही देऊन जातं आणि आकडा मात्र कोणी विचारत नाही.

गर्भाच्या मेंदूच्या दृष्टीनं सर्वांत नाजूक काळ ८ ते १५ आठवड्यांचा. तिथे इजा व्हायला लागणारी मात्रा तपासण्यांच्या कितीतरी वर असते, रेडिएशन उपचारांच्या मात्र आवाक्यात. बाळाला लहानपणी कॅन्सर होण्याची शक्यता १० मिलिग्रेच्या आसपासही किंचित वाढते. डॉक्टर-संशोधक ॲलिस स्ट्युअर्ट यांनी १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये हे दाखवलं तेव्हा त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. मुळात तो आजार विरळा असल्यानं वाढूनही तो विरळाच राहतो. उलट अपघात झालाय, फुफ्फुसात गुठळी झाल्याची शंका आहे, अशा वेळी गरोदर म्हणून तपासणी टाळणं आई आणि बाळ दोघांना जास्त महागात पडतं.

पायरी ६: उपचाराचं रेडिएशन असेल तर झोत कुठून जाणार ते विचारा

इथून पुढचं ज्यांना गरजेचं आहे त्यांनी सावकाश वाचावं. पहिला प्रश्न हाच: वृषणांना, अंडाशयांना, गर्भाशयाला आणि मेंदूतल्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीला किती ग्रे मिळतील? ‘थोडं मिळेल’ हे उत्तर पुरेसं नाही. उपचाराचा आराखडा संगणकावर आखतात तेव्हा हे आकडे काढता येतात.

पुरुषांत शुक्राणू घडवणाऱ्या पेशी अतिशय नाजूक, आणि पुरुषी संप्रेरक (हार्मोन) बनवणाऱ्या लेडिग पेशी बऱ्याच टणक. त्यामुळे दाढी-मिशी, इच्छा, ताठरता शाबूत असूनही वीर्यात शुक्राणू शून्य असू शकतात. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. म्हणून संख्या लगेच नव्हे तर चार ते सहा महिन्यांनी तळ गाठते. वृषणांना एका वेळी १ ग्रेच्या आत मात्रा मिळाली तर ९ ते १८ महिन्यांत शुक्राणू परततात, २ ते ३ ग्रे असेल तर सुमारे अडीच वर्षांनी. ४ ते ६ ग्रेनंतर पाच वर्षं किंवा त्याहून जास्त, आणि कधी परततच नाहीत. (यांतले बरेचसे आकडे अमेरिकेतल्या ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांच्या तुरुंगांत १९६३ ते १९७३ दरम्यान शंभरावर कैद्यांच्या वृषणांवर मुद्दाम रेडिएशन टाकून मिळवलेले आहेत. उपयोगी पडतात, पण वापरताना अंगावर काटा येतो.) शरीरात इतर ठिकाणी मात्रा रोज थोडी-थोडी दिली की इजा कमी होते; वृषणात उलटं घडतं. हप्त्यांत मिळालेले २ ते अडीच ग्रेसुद्धा शुक्राणू कायमचे बंद पाडू शकतात. गुदाशयाच्या कॅन्सरला साधारण ५० ग्रे देतात. झोत थेट वृषणांवर नसला तरी विखुरलेला भाग एवढं नुकसान करायला पुरतो.

स्त्रीचा हिशेब साठ्याचा. मुलगी जन्मते ती १० ते २० लाख स्त्रीबीजं घेऊन, आणि पुढे त्यांत भर पडत नाही. अंडाशयाला २ ग्रेच्याही आतली मात्रा मिळाली तरी उरलेल्या बीजांपैकी निम्मी संपतात, असा अंदाज आहे. पाळी पूर्ण बंद पाडणारी मात्रा वयावर ठरते. जन्माच्या सुमारास सुमारे २० ग्रे, दहाव्या वर्षी साडेअठरा, विसाव्या वर्षी साडेसोळा, तिसाव्या वर्षी चौदाच्या थोडं वर, आणि चाळिशीनंतर ६ ग्रेसुद्धा पुरतात. तरुण मुलीची पाळी उपचारांनंतर सुरू राहिली म्हणजे सगळं ठीक झालं असं मात्र नाही. साठा घटलेला असतो, तेव्हा रजोनिवृत्ती दहा-पंधरा वर्षं आधी येऊ शकते. मूल हवं असेल तर तिनं फार काळ थांबू नये, हे तिला कोणीतरी सांगायला हवं.

गर्भाशयाकडे सहसा दुर्लक्ष होतं. बीजं गोठवून ठेवली, पण गर्भ रुजायचा कुठे? लहानपणी गर्भाशयाला १४ ते ३० ग्रे मिळाले तर ते लहान राहतं, रक्तपुरवठा कमी पडतो, आणि पुढे गर्भपात, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, कमी वजनाचं बाळ असे धोके वाढतात. प्रौढपणी ४५ ग्रेच्या वर मिळाले, जसे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये मिळतात, तर स्वतःच्या पोटी गर्भ वाढवू नये असाच सल्ला असतो. तेव्हा सरोगसीचा विचार उरतो, आणि त्याचे कायदे देशागणिक वेगळे.

डोक्याला रेडिएशन मिळालं तर अंडाशय-वृषणांना धक्काही लागत नाही, पण त्यांना हुकूम सोडणारी पीयूषिका थकते. ३० ते ३५ ग्रेच्या वर हा धोका ठळक होतो. मेंदूकडूनच हुकूम येत नसेल तर संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन शुक्राणू किंवा बीजं तयार करवता येतात, म्हणून अशांनी आशा सोडू नये. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाआधी सगळ्या शरीराला १० ते १४ ग्रे देतात, त्यात जननग्रंथी जवळजवळ नेहमीच निकामी होतात. उलट स्तनाच्या रेडिएशनमधून अंडाशयांपर्यंत फार थोडं पोचतं. तिथे जननक्षमतेला धोका मुख्यतः केमोथेरपीचा, आणि पुढची काही वर्षं चालणाऱ्या संप्रेरकांच्या गोळ्यांत जाणाऱ्या वयाचा. केमो आणि रेडिएशन दोन्ही असतील तर नुकसानाची बेरीज होते, एवढं डोक्यात ठेवा.

पायरी ७: पहिल्या शेकाआधीचे दिवस

निदान कळल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत साधारण दोन-तीन आठवडे जातात. आराखडा, मास्क, रक्ताच्या तपासण्या यांतच ते सरतात. याच काळात जननक्षमतेचं काम उरकायचं. डॉक्टर आपणहून बोलतील म्हणून वाट पाहू नका; त्यांचं सगळं लक्ष गाठीवर असतं. थेट म्हणा: ‘मला पुढे मूल हवं असेल. सुरू करण्याआधी काय करून ठेवता येईल? त्यासाठी किती दिवस मिळतील?’ अविवाहित असलात तरी विचारा. दोन मुलं आहेत म्हणूनही गप्प बसू नका. पुढच्या दहा वर्षांत काय मनात येईल ते आज कोणाला ठाऊक!

पुरुषासाठी मार्ग सोपा आणि स्वस्त: वीर्य गोठवणं. दोन-तीन नमुने दिले तर उत्तम, पण एकच देणं जमलं तरी तो वाया जात नाही. १९९२ पासून वापरात आलेल्या इक्सी पद्धतीत एका बीजाला एकच शुक्राणू पुरतो. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये नमुना वर्षानुवर्षं टिकतो. हे सगळं पहिल्या रेडिएशनच्या किंवा केमोच्या आधी व्हायला हवं. आजारपण आणि ताण यांनी नमुना देणं जमलं नाही तर भूल देऊन वृषणातून शुक्राणू काढता येतात. लाजेपोटी हा विषय टाळणारे बाप आणि मुलगे दोघेही पाहण्यात येतात. वयात आलेल्या मुलाशी हे बोलायला बापाला जड जात असेल तर डॉक्टरांना किंवा परिचारिकेला सांगावं, आणि आपण खोलीबाहेर थांबावं.

रेडिएशनच्या वेळी वृषणांभोवती जाड कवच बसवता येतं. विखुरलेला झोत त्यानं बराच अडतो. पण वृषण थेट झोतात असतील तर त्याचा उपयोग नाही. आराखड्याच्या भेटीतच त्याबद्दल विचारा. पहिल्या दिवशी टेबलावर झोपल्यावर नव्हे.

स्त्रीसाठी बीजं गोठवायला सुमारे दोन आठवडे लागतात. पूर्वी पाळीची वाट पाहावी लागे. आता पाळीच्या कोणत्याही दिवशी इंजेक्शनं सुरू करता येतात. संप्रेरकांवर पोसणारी गाठ असेल तर सोबत लेट्रोझोल हे औषध देऊन इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक खाली ठेवतात. जोडीदार असेल तर गर्भ गोठवण्याचाही पर्याय असतो, पण त्या गर्भांवर दोघांचा हक्क असतो. संमतीपत्र नीट वाचा. नातं मोडलं तर काय, हे तिथेच लिहिलेलं असतं. सरळ बोलायचं तर लग्न ताजं किंवा डळमळीत असेल तर काही बीजं तरी नुसतीच गोठवलेली बरी.

दोन आठवडेही हातात नसतील, किंवा मुलगी वयातच आलेली नसेल, तर दुर्बिणीच्या छोट्या शस्त्रक्रियेनं अंडाशयाचा भाग काढून गोठवतात आणि बरं झाल्यावर परत बसवतात. अशा पद्धतीनं पहिलं बाळ २००४ मध्ये बेल्जियममध्ये जन्मलं. ल्युकेमियात (रक्ताच्या कॅन्सरात) मात्र त्या तुकड्यातून कॅन्सरच्या पेशी परत येण्याची भीती असल्यानं फार जपतात. ओटीपोटालाच झोत लागणार असेल तर अंडाशय उचलून झोताच्या बाहेर, वर आणि बाजूला शिवून ठेवण्याची शस्त्रक्रियाही होते. ती दर वेळी यशस्वी होत नाही. रक्तपुरवठा कमी पडतो किंवा विखुरलेलं रेडिएशन पोचतंच. शिवाय तिनं गर्भाशय वाचत नाही. केमोच्या वेळी अंडाशय ‘झोपवण्यासाठी’ देतात त्या इंजेक्शनांनी रेडिएशनपासून संरक्षण होत नाही. तेवढ्यावर कोणी समाधान मानू नये.

वयात न आलेल्या मुलांसाठी वृषणाचा तुकडा गोठवणं अजून संशोधनाच्या पातळीवर आहे. काही मोठ्या केंद्रांत ते करतात. आई-बापांनी ते समजून उमजून निवडावं, खात्रीचा मार्ग म्हणून नव्हे.

पायरी ८: रेडिओआयोडीन घेणार असाल तर

या औषधातलं आयोडीन-१३१ दर ८ दिवसांनी निम्मं होतं. गरोदरपणात ते कधीच देत नाहीत, कारण साधारण १० ते १२ आठवड्यांपासून गर्भाची थायरॉइड ग्रंथी ते शोषू लागते. उपचारानंतर बाईनं ६ ते १२ महिने दिवस जाऊ देऊ नयेत, पुरुषानं किमान तीन-चार महिने. औषध लघवीवाटे बाहेर पडतं आणि मूत्राशय अंडाशयांच्या शेजारीच असतं. म्हणून भरपूर पाणी पिऊन लघवीला वरचेवर जाणं हा इथला सर्वांत सोपा बचाव. काहींची पाळी थोडे महिने विस्कळीत होते, शुक्राणूही तात्पुरते घटतात; बहुतेकांचं पूर्ववत होतं. पुरुषाला असे डोस पुन्हा पुन्हा लागणार असतील तर आधी वीर्य गोठवून ठेवावं.

पायरी ९: उपचार संपल्यानंतर

पाळी थांबली किंवा शुक्राणू शून्य आले म्हणजे दिवस राहणारच नाहीत, असं समजू नका. बीजं आणि शुक्राणू कधी कधी महिन्यांनी, वर्षांनी परततात. उपचार चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तोपर्यंत, पुरुषांत साधारण वर्षभर आणि स्त्रियांत बहुधा वर्ष-दोन वर्षं, गर्भनिरोधक वापरा. पुरुषानं वर्षानंतर आणि मग दोन वर्षांनी वीर्यतपासणी करावी. पहिल्याच अहवालावर ‘संपलं’ असं ठरवू नये. स्त्रीसाठी एएमएच आणि एफएसएच या रक्ततपासण्या साठ्याचा अंदाज देतात.

तरुणपणी अंडाशय थांबले असतील तर प्रश्न मुलापुरता नसतो. हाडं ठिसूळ होतात, हृदयाला धोका वाढतो. संप्रेरकांवर पोसणारा कॅन्सर नसेल तर पन्नाशीच्या आसपासपर्यंत संप्रेरकं घ्यायला सांगतात. ओटीपोटाच्या रेडिएशननंतर योनी आखडते. त्यासाठी डायलेटर (योनी मोकळी ठेवणारी नळीसारखी साधनं) मिळतात आणि ते नेमानं वापरावे लागतात, पण हे कागदावर लिहून देणारे जास्त आणि समजावून सांगणारे कमी. तुम्हीच विचारा. पुरुषांतही प्रोस्टेटच्या रेडिएशननंतर ताठरता वर्षा-दोन वर्षांत हळूहळू उतरते. त्यावर उपचार आहेत.

गर्भाशयाला रेडिएशन मिळालेल्या बाईला दिवस राहिले तर पहिल्या भेटीतच प्रसूतितज्ज्ञांना ते सांगायला हवं. ते बाळंतपण जोखमीचं धरून सांभाळतात. लहानपणी किंवा तरुणपणी छातीला रेडिएशन मिळालेल्या मुलींची स्तनांची तपासणी वयाच्या २५ व्या वर्षापासून किंवा उपचारानंतर ८ वर्षांनी, यांतलं जे नंतर येईल तेव्हापासून सुरू करतात. आणि होणाऱ्या बाळाला आई-बापाच्या जुन्या रेडिएशनमुळे व्यंग येईल का? लहानपणी कॅन्सरमधून बऱ्या झालेल्यांच्या मुलांत जन्मजात दोषांचं प्रमाण वाढलेलं दिसलेलं नाही.

पायरी १०: फाइल

शेवटच्या शेकाच्या दिवशी घाईनं घरी पळू नका. उपचाराचा सारांश मागून घ्या. त्यात शरीराचा कोणता भाग, एकूण किती ग्रे, किती हप्ते, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, वृषण-अंडाशय-गर्भाशय-पीयूषिकेला मिळालेली मात्रा, आणि सोबतच्या केमोच्या औषधांची नावं व एकूण मात्रा हे असायला हवं. वीर्य, बीजं किंवा तुकडा गोठवला असेल तर केंद्राची पावती, नूतनीकरणाची तारीख आणि संमतीपत्राची प्रत त्यालाच जोडा. ही केंद्रं पत्ते बदलतात, कधी बंदही होतात, आणि नूतनीकरणाचं पत्र जुन्या घरी जातं. मूल रुग्ण असेल तर फाइल तुमच्या कपाटात ठेवून विसरू नका. दहा-पंधरा वर्षांनी ती त्याच्या हातात द्यायची आहे.

सीटी आणि अँजिओग्राफीच्या तारखाही त्याच फाइलच्या शेवटच्या पानावर लिहीत जा. पुढचा डॉक्टर नवा सीटी लिहून देऊ लागला की ते पान त्याच्यासमोर ठेवा.